अंक काढताय? आधी पत्त्याचं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही पुण्यातले सहा मित्रमैत्रिणी. एलजीबीटीक्यू समाजासाठी मराठीत नियमित अंक काढायचं मनात आहे. जगात अशी वर्तमानपत्रं आणि मासिकं कशी चालली? इन्स्टाग्राम असताना कागदावर छापावं का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?"

उत्तर लांबणार आहे, कारण हा विषय माझ्या आयुष्याचा आहे. तीस वर्षं नारायण पेठ ते अप्पा बळवंत चौक या पट्ट्यात मुद्रितशोधन आणि अंकांची मांडणी हेच काम केलं. मी स्वतः गे आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आम्ही चौघांनी असंच एक बारा पानी पत्रक चालवलं होतं. त्याचं नाव इथे सांगत नाही. आमच्या वर्गणीदारांपैकी काही जण आजही घरी न सांगता जगतात, आणि नाव कुठे येणार नाही असा शब्द आम्ही त्यांना दिला होता.

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. असा अंक म्हणजे मुळात एक पत्ता असतो. कोणत्याही गावातल्या एकट्या माणसाला, जिथे लिहिलं तर कुणीतरी वाचेल आणि उत्तर देईल, असा एक पत्ता हवा असतो. कविता, लेख, मुलाखती त्यानंतर. म्हणून तुमचा पत्ता कोणता, वाचकाचा पत्ता कुणाच्या ताब्यात, आणि अंकावर नाव कुणाचं, या तीन गोष्टी मुखपृष्ठाच्या आधी ठरवायच्या. जगभरात जे अंक टिकले, मोडले, जप्त झाले किंवा जाळले गेले, त्यांची गोष्ट बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकावर येऊन थांबते.

जुन्यात जुना म्हणून ओळखला जातो तो बर्लिनचा अंक. आडोल्फ ब्रांड यांनी १८९६ साली 'डेर आयगेन' सुरू केला. नावाचा अर्थ साधारण 'स्वतःचा धनी असलेला' असा. तो १९३२ पर्यंत रडतखडत चालला. १९२० नंतरच्या बर्लिनमध्ये तर असे अंक रस्त्यावरच्या वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर टांगलेले असत. १९२४ मध्ये खास स्त्रियांसाठी 'डी फ्रॉइंडिन', म्हणजे 'मैत्रीण', निघालं. त्यात कथा असत, आणि आज संध्याकाळी कुठल्या क्लबात आपल्यासारख्या बायका भेटतील याच्या जाहिरातीही असत. १९२६ साली तिथे 'घाणेरड्या' वाङ्मयापासून तरुणांना वाचवण्याच्या नावाखाली कायदा झाला आणि टपरीवरची ती जागा अडचणीत आली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि काही महिन्यांत उरलेले सगळे अंक बंद झाले. मे महिन्यात लैंगिकतेचा अभ्यास करणारे डॉक्टर मागनुस हिर्शफेल्ड यांच्या बर्लिनमधल्या संस्थेवर हल्ला झाला आणि चार दिवसांनी तिथलं ग्रंथालय भर चौकात जाळलं गेलं. सदतीस वर्षांचा छापील संसार होता तो.

त्याच काळात झुरिकमधला एक अंक मात्र टिकला. १९३२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेला हा अंक १९४३ पासून 'डेर क्राइस', म्हणजे 'वर्तुळ', झाला आणि १९६७ पर्यंत निघाला. जर्मन, फ्रेंच आणि पुढे इंग्रजी अशा तीन भाषा एकाच अंकात. संपादक कार्ल मायर हे नट होते. वाचक त्यांना 'रोल्फ' एवढ्याच नावाने ओळखत. टपरीवर ठेवायचा नाही, वर्गणीदारांनाच द्यायचा, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे वाचक थोडे राहिले, पण अंक राहिला. टपरी की टपाल हा प्रश्न तुमच्यासमोरही येईल. टपरीने माणसं वाढतात, टपालाने माणसं जपली जातात.

आता अमेरिकेतल्या एका टंकलेखिकेची गोष्ट, कारण तुम्हाला सर्वात जवळची वाटेल ती हीच. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये ईडिथ आइड नावाची तरुणी आरकेओ या चित्रपट कंपनीत सेक्रेटरी होती. ऑफिसमध्ये काम कमी असायचं, आणि साहेबांचं म्हणणं एवढंच की रिकामं बसलेलं दिसायचं नाही. तिने टाइपरायटरला कार्बन लावून 'व्हाइस व्हर्सा' नावाचा लेस्बियन स्त्रियांचा अंक काढला. एका वेळी मूळ प्रत आणि पाच कार्बन. पुन्हा सगळं पहिल्यापासून टाइप. दहा-बारा प्रती झाल्या की संपलं. सुरुवातीला काही प्रती तिने पोस्टाने पाठवल्या, पण असा मजकूर टपालात सापडला तर तुरुंगात जाशील असं एका मैत्रिणीने बजावल्यावर ती हातोहात देऊ लागली. वाचून झालं की पुढच्या मैत्रिणीकडे द्यायचा. नऊ अंक निघाले. त्यांवर संपादिकेचं नाव नाही, पत्ता नाही. तुम्ही सहा जण आहात आणि हातात फोन आहेत. ती एकटी होती.

पोस्टाची भीती उगाच नव्हती. त्याच शहरातून जानेवारी १९५३ मध्ये 'वन' हे मासिक सुरू झालं. ऑक्टोबर १९५४ चा अंक तिथल्या पोस्टमास्तरने अश्लील म्हणून अडवला. मासिकाने दावा लावला, दोन न्यायालयांत हरलं, आणि १३ जानेवारी १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादसुद्धा न ऐकता दोन ओळींत निकाल फिरवला. समलिंगी असणं या विषयावर लिहिलेला मजकूर केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, हे त्या दोन ओळींमुळे अमेरिकेत पक्कं झालं. अंक टपालात जाऊ शकतो एवढाच तो हक्क. पण पुढची सगळी अमेरिकन वर्तमानपत्रं त्याच्यावर उभी राहिली. १९६७ मध्ये पाचशे प्रतींनी सुरू झालेलं 'द अॅडव्होकेट' त्यातलंच. वॉशिंग्टनमध्ये १९६९ साली चक्रमुद्रित एका कागदाने सुरू झालेलं 'ब्लेड'ही.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मात्र 'द लॅडर'. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या लेस्बियन स्त्रियांच्या संस्थेने ऑक्टोबर १९५६ मध्ये काढलेला हा अंक, पहिल्या खेपेला १७५ प्रती. संपादिका फिलिस लायन, पण अंकावर नाव टोपण: अॅन फर्ग्युसन. दुसऱ्याच अंकात त्यांना एक लेख लिहावा लागला, 'तुमचं नाव सुरक्षित आहे' अशा मथळ्याचा. बायका वर्गणी भरायला घाबरत होत्या, यादी पोलिसांच्या हाती पडली तर काय, हा प्रश्न होता. प्रकाशकाने आपल्या ग्राहकांची नावं सांगायला नकार दिला तर त्याला शिक्षा करता येत नाही, असा १९५३ चा निकाल त्यांनी वाचकांना समजावून दिला. आणि मग स्वतःच्याच लक्षात आलं की आपण वाचकांना घाबरू नका म्हणतो आणि स्वतः टोपणनाव घेतो. चौथ्या अंकात अॅन फर्ग्युसन वारल्याचं जाहीर करून फिलिस लायन खऱ्या नावाने पुढे आल्या.

याच अंकाचा शेवट कसा झाला, तेही ऐका. १९७० मध्ये संस्थेत मतभेद झाले. एका पदाधिकारी बाईंनी वर्गणीदारांची यादी, ३८०० नावं, उचलून दुसऱ्या राज्यात नेली आणि तिथून अंक चालू ठेवला. संस्था मागे राहिली, यादी गेली. ज्या यादीसाठी एवढी आश्वासनं दिली ती आपसातल्या भांडणात हलली. १९७२ मध्ये अंक बंद पडला. तुम्ही सहा जण आज जिवाभावाचे आहात. तरी पहिल्या बैठकीत कागदावर लिहा: यादी कुणाची, आणि एखादा बाहेर पडला तर तो काय घेऊन जाणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत या विषयावर कुणी लिहिलंच नाही असं तरुण मुलं म्हणतात तेव्हा मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. हिंगण्याच्या अण्णांचे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे, हे थोरले चिरंजीव. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ एवढी वर्षं त्यांनी मुंबईहून 'समाजस्वास्थ्य' एकहाती चालवलं. संततिनियमनाचं मासिक एवढीच त्याची ओळख सांगितली जाते. पण वाचक तिथे पत्रं लिहून जे कुणालाच विचारता येत नाही ते विचारत, आणि कर्वे छापील उत्तर देत. त्यात हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, आणि मासिक पुढे एकोणीस वर्षं निघत राहिलं. म्हणजे मराठी मासिकाच्या पत्त्यावर असा प्रश्न पाठवायची परंपरा नव्वद वर्षांहून जुनी आहे. तुम्ही पाहुणे म्हणून येत नाही आहात.

खास आपल्या समाजाचे अंक पुढे आले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात दक्षिण आशियाई मंडळींनी 'त्रिकोण' सुरू केलं. १९९० मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' काढलं. मध्ये काही वर्षं ते बंद होतं, २००९ मध्ये नव्या रूपात आलं. १९९८ पासून मुंबईच्या लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांच्या गटाने 'स्क्रिप्ट्स' काढलं. ते वेगळं का काढावं लागलं हे समजून घ्या. बर्लिनमध्ये 'मैत्रीण' वेगळं, अमेरिकेत 'लॅडर' वेगळा, मुंबईत 'स्क्रिप्ट्स' वेगळं. पुरुषांनी चालवलेल्या अंकांत बायकांना दोन पानं मिळत, ट्रान्स माणसांना तेवढीही नाहीत. तुमच्या सहांत मैत्रिणी किती, आणि तृतीयपंथी किंवा ट्रान्स पुरुष कुणी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पहिला अंक थांबवा आणि आधी त्या माणसांना गाठा. नंतर 'त्यांच्यासाठी एक विशेषांक' असं करू नका, ते त्यांना लगेच कळतं.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांची 'समपथिक ट्रस्ट' ही आपल्या समाजासाठी काम करणारी संस्था २००२ मध्ये उभी राहिली, त्याच्या थोडं आधीची आमची गोष्ट. सदाशिव पेठेत आमच्या घरी रविवारी दुपारी अंक पाठवायचं काम चाले. बारा पानं, मध्ये दोन पिना, उभी घडी, वरून कागदी रॅपर. खळ आई करून द्यायची. तिला अंक कसला हे माहीत होतं, आम्ही त्यावर कधी बोललो नाही. एकदा रॅपर चिकटवता चिकटवता तिने एक प्रत उघडून चष्म्याजवळ धरली आणि म्हणाली, "अक्षर फार बारीक घेतलंयस. रात्री वाचत असतील ना हे लोक?" पुढच्या अंकापासून टाइप दोन पॉइंटांनी वाढवला आणि दोन लेख वगळले. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर मांडलेली ती पानं आजही मला नीट दिसतात.

आमच्या हातून झालेली चूकही याच घरात झाली. पाचव्या अंकाच्या वेळी साधा कागद संपला म्हणून जुन्या अंकाच्या वाया गेलेल्या पानांचेच रॅपर कापले. कोरी बाजू वर, छापील आत. एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वर्गणीदाराच्या घरी ते रॅपर त्याच्या वहिनीने सोडलं. आतल्या बाजूला आमच्या पत्रव्यवहाराचं अर्धं पान होतं. महिनाभराने त्याचं पोस्टकार्ड आलं, तीन ओळींचं: अंक पाठवू नका, पैसे परत नकोत, माझं नाव खोडा. त्याच्या घरी काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. चार आण्यांचा कागद वाचवला होता आम्ही. त्यानंतर अंक नेहमी बंद लिफाफ्यात गेले, बाहेर फक्त पोस्ट बॉक्सचा क्रमांक. पण त्या माणसाला त्याचा काय उपयोग.

तुम्ही म्हणाल, आता रॅपर कुठे आहेत? आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप हे आजचं रॅपर आहे. ग्रुपमध्ये घातलेल्या प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. चिंचवडचा एक आणि वडगाव शेरीचा एक, दोघांचा मामा एकच निघू शकतो. अंकाच्या घोषणा ग्रुपवर नकोत, चॅनेलवर करा, तिथे वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. वर्गणीदारांची यादी सहा जणांनी उघडलेल्या ऑनलाइन तक्त्यात ठेवू नका. दोघांकडेच ठेवा, प्रत्येक वाचकाला क्रमांक द्या आणि रोजचं काम त्या क्रमांकावर चालवा. जपानमध्ये १९७१ साली 'बाराझोकु', म्हणजे 'गुलाबांची जमात', हे मासिक निघालं, साध्या पुस्तकांच्या दुकानात मिळणारं, आणि त्याचा जीव पत्रमैत्रीच्या पानांत होता. अशा पानांची पद्धत सोपी असते: वाचकाने वाचकाला लिहायचं ते कार्यालयामार्फत, पत्ता दोघांचाही उघडा पडत नाही. आजही याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. मात्र ओळखीच्या छोट्या जाहिराती घेणार असाल तर अठरा वर्षांखालच्या कुणाचीही घ्यायची नाही आणि प्रत्येक जाहिरात दोघांनी वाचल्याशिवाय छापायची नाही. लंडनमध्ये 'इंटरनॅशनल टाइम्स' या पत्राच्या प्रकाशकांना पुरुषांनी पुरुषांसाठी दिलेल्या अशा जाहिरातींवरूनच शिक्षा झाली होती, आणि १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर ती कायम राहिली. तेव्हा तिथे प्रौढ पुरुषांचे खाजगीतले समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नव्हते, तरीसुद्धा.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे नियतकालिकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि ठिकाण छापावं लागतं. जुन्या १८६७ च्या कायद्याखाली तर दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन, 'फॉर्म ४', नावापत्त्यासकट द्यावं लागे. १ मार्च २०२४ पासून त्या जागी नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा कायदा आला आहे. शीर्षक आणि नोंदणी दोन्ही ऑनलाइन होतात, जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन घोषणापत्र करण्याचे हेलपाटे गेले. पण नाव द्यावंच लागतं. म्हणजे सहांपैकी निदान एकाला स्वतःच्या खऱ्या नावाने उभं राहावं लागेल. त्याच्या घरी माहीत आहे का? त्याची नोकरी, त्याचं भाड्याचं घर? हे त्याने घरच्यांशी बोलून ठरवायचं आहे, मित्रांच्या आग्रहाने नव्हे. मराठीत लघुनियतकालिकवाल्यांनी 'अनियतकालिक' आणि 'खाजगी वितरणासाठी' ही वाट वापरली, आम्हीही वापरली. पण नियमित निघायचं, विकायचं आणि जाहिराती घ्यायच्या असतील तर नोंदणी करा. वर्षातून एकदाच काढायचा असेल तर दिवाळी अंकासारखा जाडजूड संग्रह पुस्तक म्हणून काढणं सोपं. कोणती वाट धरायची हे एका वकिलाला दाखवून ठरवा, तेवढा खर्च करा. आणि छापखानेवाल्याला मजकूर आधी दाखवा. आमच्या पहिल्या छापखान्याच्या मालकांनी काम आनंदाने केलं, पण प्रेसचं नाव घालायचं म्हटल्यावर प्लेटा परत दिल्या. त्यांचा राग मला आला नाही, आधी न विचारल्याचा स्वतःचा आला.

नाव छापलेल्या माणसावर काय येऊ शकतं? लंडनच्या 'गे न्यूज'ने १९७६ मध्ये येशूविषयीची एक कविता छापली, तर संपादक डेनिस लेमन यांच्यावर पुढच्या वर्षी ईश्वरनिंदेचा खटला उभा राहिला आणि नऊ महिन्यांची स्थगित कैद सुनावली गेली. ती पुढे अपिलात रद्द झाली, दंड आणि दोष राहिले. तुर्कस्तानात अंकारामधून १९९४ पासून 'काओस जीएल' निघतं. त्याचा २००६ चा एक अंक वाटपाआधीच जप्त झाला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला तेव्हा २०१६ साल उजाडलं होतं. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीत १९७८ ते १९८१ 'लाम्पिआओ दा एस्किना' निघत होतं. १९८० मध्ये पर्यायी पत्रं विकणाऱ्या टपऱ्यांवर बॉम्ब टाकले गेले, विक्रेते घाबरले.

आणि ढाका. २०१४ च्या जानेवारीत बांगलादेशात 'रूपबान' हा बंगाली अंक निघाला. आपल्याच शेजारची भाषा, लोककथेतलं नाव, सुरेख छपाई. २५ एप्रिल २०१६ रोजी संपादक झुल्हाज मन्नान आणि त्यांचे मित्र महबूब रब्बी तनय यांना झुल्हाज यांच्या घरात मारलं. मारेकरी कुरिअरवाले असल्याचं सांगून दारात आले होते. हे लिहिताना हात थांबतो. पुणे म्हणजे ढाका नव्हे, कलम ३७७ वरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हाही राहिलेले नाहीत. तरीही अंकावर कुणाच्याही राहत्या घराचा पत्ता छापू नका. पोस्ट बॉक्स घ्या, किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता परवानगीने घ्या. युगांडात तर २०१० मध्ये एका सनसनाटी साप्ताहिकाने समलिंगी लोकांची नावं, फोटो आणि पत्ते छापून त्यांना फाशी द्या असं म्हटलं. ज्यांनी त्यावर दावा जिंकला त्या डेव्हिड काटो यांचा जानेवारी २०११ मध्ये खून झाला. त्याच देशात कार्यकर्त्यांनी पुढे 'बॉम्बॅस्टिक' हे मासिक स्वतःच्या कहाण्यांनी भरून फुकट वाटलं. पत्ता शिकारीसाठीही छापता येतो आणि आसऱ्यासाठीही, हे एवढ्या जवळजवळ दुसरीकडे दिसत नाही.

आता कागद की फोन. दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. टोरांटोच्या 'एक्स्ट्रा'ने २०१५ मध्ये छपाई थांबवली आणि ते आजही ऑनलाइन जोमात आहे. डब्लिनचं 'जीसीएन' १९८८ पासून फुकट वाटलं जातं, म्हणजे आयर्लंडमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा असल्यापासून. बातमी फोनवर द्या, ती कागदावर शिळी होते. कागदावर ते छापा जे हातात राहायला हवं: पहिल्यांदा घरी सांगतानाचे अनुभव, डॉक्टर आणि वकील यांच्या लेखी उत्तरांची पानं, कथा, जुन्या माणसांच्या मुलाखती. सत्तरीतल्या समलिंगी मराठी माणसाला अजून कुणी नीट विचारलेलंच नाही. तो इन्स्टाग्रामवर नाही. आणि ज्या मुलीचा फोन भाऊ तपासतो, तिला सोळा पानं वहीत ठेवून वाचता येतात.

कागदाचं आणखी एक काम मी पाहिलं. एड्सच्या काळात हे अंक काय होते ते आज सांगून पटत नाही. न्यूयॉर्कच्या 'नेटिव्ह'ने १८ मे १९८१ रोजी, सरकारी वैद्यकीय पत्रिकेच्याही आधी, त्या आजाराची पहिली बातमी दिली. तेव्हा ती 'अफवा बहुतांशी निराधार' अशी होती. चुकली, तरी विचारलं आधी त्यांनीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बे एरिया रिपोर्टर'मध्ये दर आठवड्याला मृत्यूच्या नोंदींची पानं येत, फोटोंसकट. ऑगस्ट १९९८ मध्ये एका आठवड्यात एकही नोंद आली नाही, तर तीच पहिल्या पानावरची मुख्य बातमी झाली. आमच्याकडे अशी पानं नव्हती. आमच्याकडे परत आलेले लिफाफे होते. पोस्टमन वर शेरा मारतो: 'पत्ता अपुरा', 'गाव सोडले', 'घेण्यास नकार'. १९९९ च्या पावसाळ्यात एक लिफाफा आला, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं 'मयत'. वर्गणीदार क्रमांक ४१. नाव त्याने टोपणच दिलं होतं, वय आम्हाला ठाऊक नव्हतं, कशाने गेला तेही नाही. रजिस्टरमध्ये त्याच्या ओळीवर मी रेघ मारली नाही. अजून नाही.

भाषेबद्दल थोडं. अंकाचं नाव असं ठेवा जे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडलं तरी चालेल. जगभर असंच झालं आहे: वर्तुळ, शिडी, मैत्रीण, त्रिकोण, दोस्त, गुलाबांची जमात. आतल्या मजकुरात मात्र शब्द स्पष्ट हवेत. समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी, ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नका. आमच्या पत्रकात एका लेखकाने गे मुलाला 'तृतीयपंथी' लिहिलं, मी प्रूफ वाचूनही सोडलं, आणि दोन्ही बाजूंनी रागाची पत्रं आली. ती रास्त होती. कुणी स्वतःसाठी गावाकडचा शब्द वापरत असेल तर तो तसाच ठेवा, प्रमाण भाषेत धुऊन काढू नका.

सुरुवात लहान करा. क्राउन वन-फोर्थ आकाराची, म्हणजे साधारण साडेसात बाय साडेनऊ इंचांची, सोळा पानं, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, मुखपृष्ठ थोडं जाड. तीनशे प्रती डिजिटलवर काढा, ऑफसेटचा विचार हजारी गाठल्यावर. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे तोच वेबसाइटवरही जाईल. अक्षर १३ पॉइंटांच्या खाली नको. दर अंकात दोन पानं पत्रांना राखून ठेवा आणि कितीही चांगला लेख आला तरी ती कापू नका. पुष्कळ पत्रांवर पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल. "घरी पत्र पाठवू नका, पुढच्या अंकात उत्तर द्या" एवढंच लिहिलेलं असेल. अशा माणसाला पुढच्याच अंकात उत्तर मिळालं पाहिजे. तो त्यासाठी थांबलेला असतो. म्हणूनच अंक वेळेवर निघायला हवा. जमत नसेल तर मासिक म्हणू नका, त्रैमासिक म्हणा, पण तारीख पाळा.

पैशाचं एकच सांगतो. मालक एकटा नको. 'वॉशिंग्टन ब्लेड'ची मालक कंपनी नोव्हेंबर २००९ मध्ये बुडाली तेव्हा चाळीस वर्षांचं पत्र एका सकाळी बंद झालं. तिथल्या लोकांनी दुसऱ्या नावाने लगेच पत्र काढलं आणि पुढच्या वर्षी जुनं नाव आणि जुने अंक विकत घेऊन सोडवले. स्वतःचेच जुने अंक.

म्हणून पहिल्या अंकापासून दहा प्रती बाजूला काढा, कितीही मागणी आली तरी. टोरांटोच्या 'बॉडी पॉलिटिक' या अशाच पत्राच्या मंडळींनी १९७३ मध्येच स्वतःचं अभिलेखागार सुरू केलं, म्हणून आज तो इतिहास हाताला लागतो. आपल्याकडे बंगळुरूला 'कमरा' हा क्विअर अभिलेख संग्रह आहे, तिथे दोन द्या. दोन पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात द्या. आमच्या पत्रकाचे अकरा अंक निघाले, त्यांतले नऊच माझ्याकडे आहेत. तिसरा आणि आठवा कुणाकडे सापडला तर मला हवा आहे.

डमी तयार झाली की कळवा. पहिल्या अंकाची प्रूफं मी वाचून देईन, पत्रांची पानं आधी पाठवा.